सिगारेटच्या पाकिटातले चित्र

एक लहानसा पुठ्ठ्याचा तुकडा डोळ्यांपुढे आणा. रुंदी दीड इंचाहूनही कमी, उंची अडीच इंचांहून किंचित जास्त. त्यावर नारिंगी पार्श्वभूमीवर एका धट्ट्याकट्ट्या गड्याचे छातीपर्यंतचे चित्र. केसांचा भांग मधोमध पाडलेला, खाली नाव छापलेले – वॅग्नर. असा एक तुकडा २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरांना विकला गेला! आणि मौज अशी की मुळात तो सिगारेटच्या पाकिटाबरोबर फुकट मिळत असे.

बेसबॉल हा अमेरिकेचा चेंडू-दांडूचा खेळ. आपल्याकडे क्रिकेटपटूंची नावे पोरासोरांच्या तोंडी असतात, तशी तिकडे या खेळाडूंची. त्या काळची सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची. आतला माल चेपू नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. मग व्यापाऱ्यांनी त्यावर चित्रे छापली. एक चित्र मिळाले की गिऱ्हाइकाला दुसरे हवेसे वाटणारच! अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात अशी पाचशेहून अधिक निरनिराळी चित्रे काढली. पोरे दुकानाबाहेर उभी राहत आणि पाकीट घेऊन येणाऱ्याकडे चित्र मागत.

या संचातल्या बहुतेक चित्रांच्या प्रती आजही पुष्कळ सापडतात. वॅग्नरच्या मात्र साठाच्या आसपासच ठाऊक आहेत. असे का बरे व्हावे?

होनस वॅग्नर हा पिट्सबर्गच्या संघाचा खेळाडू. जन्म १८७४ चा, जर्मनीतून आलेल्या कुटुंबात. लहानपणीच कोळशाच्या खाणीत कामाला लागलेला हा पोरगा पुढे आठ वेळा आपल्या लीगचा अव्वल फलंदाज ठरला. ज्या १९०९ साली ही चित्रे निघू लागली, त्याच वर्षी त्याच्या संघाने जागतिक अजिंक्यपद मिळवले. म्हणजे चित्र छापायचे तर पहिले याचेच! आणि नेमका हाच नको म्हणाला.

का नको म्हणाला, याची एक गोष्ट अमेरिकेत घरोघर सांगतात. आपले चित्र मिळवण्यासाठी पोरांनी सिगारेटी विकत घ्याव्यात, हे त्याला पटले नाही. गोष्ट मोठी गोड आहे, वर्गात सांगावी अशी. पण जरा थांबा. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, आणि त्याच्या आधीच्या काळात एका चिरूट करणाराने आपल्या मालावर त्याचे नाव नि चित्र वापरले होते. म्हणून शंकेखोर म्हणतात, छे हो, कंपनीने पैसे दिले नाहीत म्हणून हा अडून बसला!

आता पुरावा पाहू. ‘स्पोर्टिंग न्यूज’ या पत्राने १९१२ च्या ऑक्टोबरात एक हकीकत छापली. कंपनीने पिट्सबर्गच्या जॉन ग्रूबर या क्रीडालेखकाकडे वॅग्नरची परवानगी मिळवण्याचे काम दिले होते. मिळाली तर त्याला दहा डॉलर. वॅग्नरने परवानगी दिली नाही. पण ग्रूबरचे नुकसान होऊ नये म्हणून दहा डॉलरांचा चेक आपल्या पदरचा पाठवला. ग्रूबरने तो वटवला नाही, चौकटीत बसवून ठेवला.

पैशासाठी अडणारा माणूस आपल्याच खिशातून दुसऱ्याची दलाली भरून देईल का? मला तरी तसे वाटत नाही. राहिला प्रश्न चिरुटाचा. त्या काळी अमेरिकेत चघळण्याची तंबाखू आणि चिरूट ही मोठ्या माणसांची सवय मानीत; सिगारेट मात्र पोरांना बिघडवणारी वस्तू म्हणून बदनाम होती. इंडियाना, विस्कॉन्सिन अशा राज्यांनी १९०५ सालीच तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. तेव्हा स्वतः तंबाखू चघळून सिगारेटला नकार देणारा माणूस त्या काळात ढोंगी ठरत नव्हता. पोरांविषयीचे शब्द मात्र लोकांनी पुढे त्याच्या तोंडी घातलेले दिसतात. १९१२ च्या हकिकतीत एवढेच आहे की सिगारेटच्या पाकिटात आपले चित्र त्याला नको होते.

नकार मिळेपर्यंत थोड्या प्रती बाहेर पडल्याच होत्या. पुढची छपाई थांबली. दुर्मिळता आली की तिच्यामागे लबाडीही येते. यातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रतीच्या कडा फारच सरळ नि धारदार होत्या. १९८५ साली ती विकत घेणारा व्यापारी बिल मास्ट्रो याने २०१३ साली न्यायालयात कबूल केले, की त्या कडा आपणच कापल्या होत्या. तीच प्रत २००७ साली २८ लाख डॉलरांना गेली होती.

जेफर्सन बर्डिक हा मात्र वेगळ्या मातीचा माणूस. सिरॅक्यूज गावच्या कारखान्यातला हा कामगार. सांधेदुखीने हात वाकडे झालेले. असल्या चित्रांची पहिली मोठी सूची त्याने केली. वॅग्नरच्या चित्राची किंमत त्याने पन्नास डॉलर लावली, तेव्हा तीच सर्वांत जास्त होती. आपली तीन लाखांहून अधिक चित्रे, कार्डे, लेबले त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकली आणि वर्षानुवर्षे तिथे बसून स्वतः वह्यांत चिकटवली. १९६३ च्या जानेवारीत काम संपले. मार्चमध्ये तो वारला. वॅग्नरचे एक चित्र त्या संग्रहात आहे, आणि ते विकाऊ नाही.