सोडतीचा शेजार

मित्र निवडून जोडता येतात, शेजारी मात्र नशिबाने पदरी पडतात, अशी एक जुनी समजूत आहे. मुंबई शहराने ही समजूत पुष्कळ वर्षे खोटी ठरविली होती. कोकणातून किंवा घाटावरून पोटासाठी मुंबईस येणारा मनुष्य बोटीतून अथवा गाडीतून उतरला की प्रथम आपल्या गाववाल्याचे बिऱ्हाड शोधी. गिरणगावात एकेका गावाने चालविलेल्या खोल्या असत. त्यांत पथारी पसरण्यापुरती जागा मिळे, आणि तिच्याबरोबर ओळखीची बोली, ओळखीचा देव व आजारपणात उशाशी बसणारा मनुष्यही मिळे. पांढरपेशा वर्गाची तऱ्हा काही निराळी नव्हती. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहसंस्था निघाली, आणि सहकारी तत्त्वावर घरे बांधण्याचा एक उत्तम पायंडा तिने घालून दिला. परंतु तिच्या नावातच तिच्या शेजाराची मर्यादा स्पष्ट होती. दादरची पारशी कॉलनीही अशाच विचाराने वसली. तात्पर्य, जुन्या मुंबईत ओळख अगोदर असे आणि शेजार मागाहून येई.

याचा अर्थ मुंबईकरास परक्या माणसाशी सलगी करणे ठाऊकच नव्हते असा नाही. चाळीतील सामाईक गॅलरी, एकच नळ आणि सदैव उघडी दारे यांनी भिडस्तातल्या भिडस्तासही बोलते केले. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा एका जिन्याने चढणाऱ्या बिऱ्हाडांना एकत्र बसण्याचे वर्षातून एक हक्काचे निमित्त मिळाले. तरीसुद्धा चाळीत खोली मिळण्यास कोणाची तरी शिफारस बहुधा लागेच. आणि शिफारस करणारा म्हणजे कोणी आप्त, जातभाई अथवा गाववालाच असावयाचा.

खाडीपलीकडच्या नव्या शहराने हा क्रम उलटा केला. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून असे सुचविले की, मुंबई उत्तरेकडे लांबविण्यापेक्षा खाडी ओलांडून पूर्वेस नवे शहर वसवावे. १७ मार्च १९७० रोजी त्यासाठी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, स्थापन झाले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश आणि वीस लाख लोकांची वस्ती हे आकडे डोळ्यांपुढे ठेवून चौदा उपनगरांची आखणी झाली. वाशी हे त्यांतील पहिले. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर पूल झाला आणि बिऱ्हाडे पलीकडे जाऊ लागली.

ही घरे अर्जावरून, आणि पुढे मागणी वाढल्यावर सोडतीने मिळत. सोडतीची चिठ्ठी गाव विचारीत नाही, की आडनाव पाहत नाही. उत्पन्नाचे गट पाडलेले होते, राखीव जागाही होत्या. परंतु भिंतीला भिंत लागून कोण राहावयास येणार, हे ना घर घेणाऱ्याच्या हाती होते, ना त्याच्या जातभाईंच्या. साताऱ्याच्या बिऱ्हाडासमोर केरळचे बिऱ्हाड यावे, आणि वरच्या मजल्यावर पंजाबी वा गुजराती कुटुंब असावे, हा प्रकार येथे नित्याचा झाला. गावदेवीस किंवा गिरगावात जे नाते वारशाने मिळत होते, ते येथे पहिल्या अक्षरापासून गिरवावे लागले.

ते गिरविले गेले कशाने? मनमिळाऊपणाच्या उपदेशाने नव्हे, तर अडचणीने. मानखुर्द व वाशी यांमधील आगगाडी ९ मे १९९२ रोजी सुरू झाली. तोवरची सुमारे दोन दशके मुंबईस नोकरीला जाणाऱ्यांचा सारा भरवसा बसवर होता. जी माणसे रोज त्याच थांब्यावर त्याच वेळी उभी राहतात, त्यांना फार काळ एकमेकांस अनोळखी राहता येत नाही. घरी राहणाऱ्या स्त्रियांची ओळख याहून साध्या वाटेने होते. विरजण संपले, कोथिंबीर हवी आहे, मूल शाळेतून यावयाचे आहे आणि किल्ली कोणापाशी तरी ठेवावयाची आहे, असल्या बारीकसारीक गरजांनी समोरचे दार ठोठावावे लागते. उसनवारीत एक मोठा गुण असा की, ती एका भेटीत संपत नाही. घेतलेली वाटी परत करावी लागते, आणि ती रिकामी परत करू नये असा आपल्याकडील रिवाज आहे. भरलेल्या वाटीच्या या येरझाऱ्यांतून भाषा न जुळणाऱ्या घरांतही घरोबा होतो.

जे काम उसनवारीने होईना, ते कायद्याने करविले. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार गृहसंस्थेस वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा भरवावीच लागते. गच्चीची गळती, पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा हे विषय मैत्रीचे खास नव्हेत. पुष्कळदा ते भांडणाचेच असतात. तथापि जो मनुष्य कधी कोणाच्या घरी गेला नाही, त्यासही या सभेत चार शेजाऱ्यांची नावे कळतात, आणि भांडावयाचे झाले तरी नाव ठाऊक असावे लागते.

शेजार आखून देता येतो काय, या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर बेलापूर येथे मिळते. सिडकोचे प्रमुख वास्तुशिल्पी राहिलेल्या कोरियांनी पुढे १९८३ ते १९८६ या वर्षांत तेथे जी वसाहत उभारली, ती आर्टिस्ट्स व्हिलेज या नावाने प्रसिद्ध आहे. सात घरे एका लहानशा अंगणाभोवती, अशी तीन अंगणे मिळून एकवीस घरांचा एक मोठा चौक, आणि असे चौक पुन्हा एकत्र येऊन त्याहून मोठी मोकळी जागा, अशी तिची रचना आहे. भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. घरांच्या किमतींत अंतर पुष्कळ, पण जमिनीच्या वाट्यात अंतर थोडे. दोन घरांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे ज्याला जसे साधेल तसे त्याने आपले घर वाढवावे. सात घरांना एक अंगण देण्यात माणसाच्या स्वभावाची चांगलीच पारख दिसते. शंभर घरांत लाजाळू मनुष्य हरवून जातो आणि एकटा राहिला तर उघडा पडतो. सात घरांत मात्र तो न बोलताही माहीत होतो. पुढे तेथील कित्येक मूळ घरे पाडून मोठी बांधली गेली, आणि घर वाढले तसे बाहेर बसण्याचे कारण उणे झाले. अंगण आखता येते, पण ते राखावे रहिवाशांनीच लागते.

येथवरची हकीकत ऐकून असे वाटेल की, हे शहर ओसाड माळावर वसले. तसे मुळीच नाही. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या योजनेत आल्या. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणारा आगरी-कोळी समाज तेथे पिढ्यान् पिढ्या नांदत होता, आणि मिळूनमिसळून राहण्याची विद्या त्याला कोणी शिकवावयास नको होती. गावदेवीची जत्रा, साऱ्या आळीने मिळून साजरी करावयाची हळद, लग्नात धवलारणींनी गावयाची गाणी, हे सर्व त्या विद्येचेच पाठ होत. नव्या रहिवाशांच्या सोडतीत या गावांचे नाव नव्हते. त्यांच्या वाट्यास भूसंपादनाची नोटीस आली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात त्यांच्यावर गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे धोरण पुढे आले, त्यामागे हे बलिदान आहे.

नव्या शहराच्या स्नेहभावाची खरी कसोटी येथेच लागते. समोरच्या दाराशी मैत्री करणे त्या मानाने सोपे, कारण दोघेही नवखे असतात; ज्याच्या शेतावर आपली इमारत उभी आहे, त्याच्या दारी जाणे अवघड. तथापि वाटा अगदीच बंद राहिल्या नाहीत. गावठाणातील खोल्यांत भाड्याने राहणारा नवखा मनुष्य मालकाच्या घरच्या लग्नात पंगतीला बसला. कोळणीच्या पाटीभोवती उभे राहून वसाहतीतल्या गृहिणी माशांची नावे शिकल्या. आणि शाळेत एका बाकावर बसलेल्या मुलांनी गाव व सेक्टर हा भेद पुष्कळसा पुसला. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली तेथे स्नेह जमला. एका बाजूनेच घेणे चालले तेथे जुने शल्य तसेच राहिले.

१९९२ च्या १ जानेवारीस नवी मुंबईस स्वतःची महानगरपालिका मिळाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीतील वस्ती सुमारे अकरा लाखांवर गेली. त्याच १९९२ साली आलेल्या आगगाडीने ओळखीचे आणखी एक ठिकाण दिले. ठराविक गाडीच्या ठराविक डब्यात भजन म्हणणारी, दसऱ्यास डबा सजविणारी मंडळी मुंबईच्या इतर मार्गांप्रमाणे येथेही जमली. आता उंच इमारती, फाटकावरचा पहारेकरी आणि दारी येणारे सामान यांनी विरजणाचीही गरज उरू दिलेली नाही. समोरच्या घरी काही मागावयास जाणे हा पूर्वी नाइलाज होता. आता तो मुद्दाम करावयाचा उपचार झाला आहे. ज्याला नव्या गावी माणसे जोडावयाची आहेत, त्याला या अर्धशतकाच्या इतिहासाने एक साधी वाट दाखविली आहे. वाक्चातुर्य नसले तरी चालेल. रोज एकाच वेळी एकाच जागी दिसत राहावे, लहानसहान गोष्ट मागण्याचा संकोच करू नये, आणि वाटी परत करताना ती रिकामी करू नये.