प्रेक्षकाचा अभिप्राय

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा तीन साधनांवर भिस्त ठेवितात : निर्मात्यांच्या आठवणी, वृत्तपत्रांतील परीक्षणें आणि पारितोषिकांच्या याद्या. ज्याच्या पैशावर हा सारा डोलारा उभा राहिला, तो तिकीट काढून खालीं बसणारा माणूस मात्र ‘गर्दी’ या एकाच शब्दांत उरकला जातो. त्यानें आपलें मत कागदावर उतरविलें नाहीं, हें खरें. परंतु म्हणून त्याला मतच नव्हतें असें मानणें अन्यायाचें होय. हें मत कोठें व कसें उमटलें, याचा आम्ही येथें थोडा शोध घेणार आहों.

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यांत, सोलापुराहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, तेरखेडा नांवाचें गांव आहे. शोभेच्या दारूच्या धंद्यासाठीं तें मराठवाड्यांत सर्वत्र ठाऊक आहे. फटाक्यांच्या गांवाचा चित्रपटाच्या इतिहासाशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. पण आजच्या प्रेक्षकाला आपली पसंती फार मोठ्यानें सांगावयाची असली म्हणजे तो फटाक्यांची माळ लावितो. या माळेपर्यंत तो कसा येऊन पोंचला, तें क्रमानें पाहूं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्यांच्याच १९१७ च्या ‘लंकादहन’ विषयीं अशी हकीकत सांगतात कीं, पडद्यावर रामचंद्र दिसूं लागतांच प्रेक्षक पायांतले जोडे काढून ठेवीत. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके या एकाच नटानें केल्या होत्या. तरी जोडे काढणाऱ्यांच्या भावनेंत त्यामुळें कांहीं उणें पडलें नाहीं. जोडे काढणें म्हणजे रसग्रहण नव्हे, असें सुशिक्षित म्हणतील. परंतु देवळांत व कीर्तनाला जाणाऱ्या माणसापाशीं आदर व्यक्त करण्याची जी रीति आधींच तयार होती, तिच्याच द्वारें त्यानें आपला अभिप्राय दिला. नव्या कलेसाठीं नवी भाषा शोधीत बसण्याइतका अवकाश त्याला नव्हता.

पुढें १९२७ सालीं सरकारनें दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं चित्रपटधंद्याच्या चौकशीसाठीं एक समिति नेमिली. तिनें ३५३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. फाळके हेही त्यांत होते. १९२८ सालीं प्रसिद्ध झालेला तिचा अहवाल आजही अभ्यासकांना फार उपयोगी पडतो. पण साक्ष द्यावयाला बोलाविले गेले ते मुख्यतः धंद्यांतले लोक, अधिकारी आणि प्रतिष्ठित नागरिक. अडाणी प्रेक्षकाच्या मनावर चित्रपटाचा काय परिणाम होतो, याची चर्चा या साक्षींतून पुष्कळ झाली. त्या प्रेक्षकाची स्वतःची साक्ष मात्र फारशी आली नाहीं. रोगाची चिकित्सा वैद्यांनीं आपसांत करावी आणि रोग्याला ‘कोठें दुखतें’ हें कोणीं विचारूं नये, तशांतला हा प्रकार झाला. बाबूराव पटेल यांनीं १९३५ पासून चालविलेल्या ‘फिल्मइंडिया’ मासिकांत वाचकांच्या प्रश्नांना मोठें मानाचें स्थान होतें. परंतु तें मासिक इंग्रजी, म्हणजे लेखणी पुन्हा सुशिक्षितांच्याच हातीं राहिली.

ज्याच्या हातीं लेखणी नव्हती त्यानें तिकिटानें मत दिलें. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालीं निघाला, आणि मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत तो वर्षाहून अधिक काळ चालला. व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव १९३७ सालीं झाला. आमच्या इतिहासांत व्हेनिसचा उल्लेख ठळक अक्षरांत येतो. परंतु एकाच चित्रगृहांत वर्षभर रोज जमणारे ते लोक कोण होते? त्यांतले कितीएक पुन्हां पुन्हां आले असतील. घरीं अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला विष्णुपंत पागनीसांच्या मुखांतील तुकाराम खरा वाटला, हा निकाल व्हेनिसच्या परीक्षकांना देतांच आला नसता. कारण मूळ तुकारामाशीं त्यांची ओळख नव्हती. येथें सामान्य प्रेक्षक हाच अधिक जाणता परीक्षक होता.

अभिप्रायाची आणखी एक रीति तमाशाच्या फडांतून आली. दौलतजादा आणि शिट्टी हे तेथील रसिकाचे जुने हक्क. २९ एप्रिल २०१६ रोजीं नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला, तेव्हां चित्रगृहांतून लोक गाण्यावर उठून नाचले आणि पडद्यावर नाणीं उधळलीं गेलीं. हा चित्रपट करमाळ्याच्या परिसरांत, म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या अगदीं शेजारीं घडविलेला. तेथील बोली या भागांतील प्रेक्षकाला परकी नव्हती. आपल्या घरांतलें बोलणें पडद्यावर ऐकून त्याला आनंद झाला. परंतु ज्या प्रेक्षकानें नाणीं उधळलीं, तोच शेवटच्या दृश्यांत, जातीच्या अभिमानानें दोन तरुण जीवांचा बळी घेतल्यावर, निःशब्द होऊन बाहेर पडला. त्याचे हे दोन्ही अभिप्राय इतिहासानें जमेस धरिले पाहिजेत. केवळ नाण्यांची गोष्ट सांगणारा अर्धेंच सत्य सांगतो.

दूरचित्रवाणीनें प्रेक्षकाला घरांत आणिलें, पण त्याचें मत घरांत राहिलें नाहीं. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली. रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत. संचाला हार घातला जाई. १९८८ सालीं मालिका संपत आली, तेव्हां उत्तर भारतांतील कांहीं शहरांतल्या वाल्मीकि समाजाच्या सफाई कामगारांनीं कथा पुढें चालविण्यासाठीं संप केला, आणि उत्तरकांडाचा भाग पुढें आला. प्रेक्षकाच्या मागणीनें कलाकृतीचा शेवट बदलल्याचें याहून मोठें उदाहरण आमच्या स्मरणांत नाहीं. सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया आणि रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी हे दोघेही १९९१ सालीं लोकसभेवर निवडून गेले. राम आणि रावण यांत एरवीं भेद करणाऱ्या लोकांनीं मतपेटीपाशीं मात्र तो केला नाहीं. प्रेक्षकाचा अभिप्राय नेहमीं विवेकाचा असतो, असें म्हणण्यास म्हणूनच आम्ही धजत नाहीं.

आतां तेरखेड्याकडे वळूं. १२ नोव्हेंबर २०२३ रोजीं, ऐन दिवाळींत, मालेगांवच्या एका चित्रगृहांत ‘टायगर ३’ चालू असतां प्रेक्षकांनीं आंतच फटाके उडविले. लोकांची धांवपळ झाली, पोलिसांनीं गुन्हा नोंदविला, आणि ज्याच्यासाठीं हा उत्सव चालला होता त्या सलमान खानानेंच असें न करण्याची विनंति केली. १३ जून १९९७ रोजीं दिल्लीच्या उपहार चित्रगृहांतील आगींत ५९ माणसें दगावलीं. बंद दालनांत आग व धूर काय करितात हें आपणांस माहीत नव्हतें असें नाहीं. जोडे काढणाऱ्याच्या अभिप्रायानें शेजाऱ्याचें कांहीं बिघडत नव्हतें. फटाके उडविणारा आपल्या पसंतीची किंमत शेजाऱ्याकडून वसूल करूं पाहतो. ती किंमत दुसरीकडेही कोणी आधींच मोजलेली असते. तेरखेड्याच्या कारखान्यांत स्फोट होऊन मजुरांचे प्राण गेल्याच्या वार्ता येत राहतात, आणि दोन दिवसांत विसरल्या जातात. आनंदाची दारू भरणारे हे हातही पुष्कळदां त्याच पडद्याचे प्रेक्षक असतात, हें आपण ध्यानांत घेत नाहीं.

महाराष्ट्रांतील जत्रांतून तंबू ठोकून खेळ करणाऱ्यांवर २०१६ सालीं ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट निघाला, आणि कान येथें त्याची दखल घेतली गेली. खेळ दाखविणाऱ्याची अशी नोंद झाली, हें फार चांगलें झालें. आतां तंबूंत बसणाऱ्याची व्हावी. प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या गांवच्या वृद्ध स्त्रीपुरुषांना एवढेंच विचारावें : कोणता खेळ पुन्हां पाहिला, आणि कां? उत्तरें साधीं येतील, कांहीं परस्परविरुद्धही येतील. तेरखेड्यांत हा प्रश्न कारखान्यांतून परतणाऱ्या मजुराला विचारला जावा, अशी आमची विशेष इच्छा आहे. आजवर त्याचें नांव छापून आलें तें बहुधा स्फोटाच्या बातमींत. त्याच्या आवडीनिवडीच्या निमित्तानेंही तें एकदां छापून यावें.