अंधाऱ्या ढगांचा नकाशा

मृग नक्षत्रातल्या बाणाच्या जरा खाली, काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनाही दिसणारा एक पुसट ठिपका आहे. तिथे तारे जन्माला येताहेत. ते घडतात मुख्यतः हायड्रोजनमधून, आणि थंड ढगात त्याचा रेणू अगदी मुका. दोन्ही अणू सारखेच, त्यामुळे उणे 260 अंशांच्या गारठ्यात त्याच्याकडून रेडिओलहर निघतच नाही.

मग त्याच्या वतीने बोलतो कोण? कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीतल्या शेगडीपाशी माणसाचा जीव घेणारा तोच वायू. हायड्रोजनचा रेणू त्याच्यावर आदळला की तो गिरकी घेतो आणि गिरकी ओसरताना 2.6 मिलिमीटरची लहर सोडतो. 1970 मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेन्झियस यांनी ॲरिझोनातल्या किट पीकवरच्या 36 फुटी दुर्बिणीने त्याच ठिपक्यात, म्हणजे मृगाच्या तेजोमेघात, ही लहर टिपली. पहिल्याच लेखात अशा नऊ जागा होत्या.

पण जागा सापडणं वेगळं आणि नकाशा काढणं वेगळं. मोठ्या दुर्बिणीची नजर बारीक. अख्खी आकाशगंगा तिने कधी पाहून व्हायची? कोलंबिया विद्यापीठातल्या पॅट्रिक थॅडियस यांनी उलटा विचार केला, आणि मला तो या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी मुद्दाम छोटी, 1.2 मीटरची तबकडी बनवून घेतली. एका वेळी ती चंद्राच्या रुंदीच्या पावपटीहून थोडा जास्त तुकडा पाहते. तेवढ्यासाठी 36 फुटी दुर्बिणीला साठेक ठिकाणी रोखून बघावं लागलं असतं!

1970च्या दशकात ही ‘मिनी’ मॅनहॅटनमधल्या पुपिन इमारतीच्या गच्चीवर उभी राहिली. दमट हवा ही लहर गिळते, म्हणून थंडीचे कोरडे महिने कामाचे. एक बिंदू, तिथल्या लहरीचा एक आलेख. मग शेजारचा बिंदू. लहरीची लांबी मूळ 2.6 मिलिमीटरपासून किती सरकली यावरून ढगाचा वेग कळे आणि वेगावरून त्याच्या अंतराचा अंदाज बांधता येई. न्यूयॉर्कहून दक्षिणेचं आकाश दिसत नाही, म्हणून 1982 मध्ये तिची जुळी बहीण चिलीतल्या सेरो टोलोलोवर गेली. 1986 मध्ये थोरली हार्वर्डला हलली.

2001 मध्ये टॉम डेम, डॅप हार्टमन आणि थॅडियस यांनी 37 सर्वेक्षणं जोडून नकाशा प्रसिद्ध केला: 4,88,000 आलेख. 2008 मध्ये डेम आणि थॅडियस यांना याच साठवलेल्या आलेखांत आकाशगंगेच्या केंद्रापलीकडची, तोवर कुणाला न दिसलेली एक भुजा सापडली.