तीन पैशांचा उपहास : लंडन, बर्लिन, पुणे

उपहास हा परभाषेत नेला की बोथट होतो, अशी एक रूढ समजूत आहे. तथापि एकाच कथानकाचा अडीचशे वर्षांचा प्रवास तिला छेद देतो.

२९ जानेवारी १७२८ रोजी लंडनमध्ये जॉन गे याचा 'बेगर्स ऑपेरा' प्रथम रंगभूमीवर आला. तेथील प्रतिष्ठित वर्ग त्या काळी इटालियन ऑपेराच्या भजनी लागलेला होता. गे याने राजेरजवाड्यांना बाजूस सारून चोर व वाटमारे यांना रंगमंचावर आणले आणि त्यांच्या मुखी बहुतांशी लोकांच्या ओठांवरच्या चालींची ६९ पदे घातली. चोरांच्या व्यवहारात प्रेक्षकांस पंतप्रधान वॉल्पोलचा कारभार दिसू लागला. त्याच वर्षी या नाटकाच्या उत्तरभागाच्या प्रयोगास मनाई झाली.

बरोबर दोनशे वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९२८ रोजी, हेच कथानक बर्लिनमध्ये अवतरले. एलिझाबेथ हाउप्टमान हिच्या भाषांतराच्या आधारे बेर्टोल्ट ब्रेख्तने संहिता रचली आणि कुर्ट वाइलने तिला जाझचा बाज दिला. येथे पोलीसप्रमुख हा दरोडेखोराचा जुना स्नेही आहे, भिकाऱ्यांचा मालक दैन्याचा रीतसर व्यापार करतो, आणि ऐन फाशीच्या क्षणी राणीचा दूत नायकास माफी व सरदारकी घेऊन येतो. ज्या सुखवस्तू वर्गावर हे कोरडे ओढले होते, त्यानेच टाळ्यांचा कडकडाट केला. १९३३ साली नाझी सत्तेने मात्र त्याची धार ओळखली. नाटकावर बंदी आली आणि ब्रेख्त व वाइल या दोघांनाही देश सोडावा लागला.

यानंतर पन्नास वर्षांनी, १९७८ साली, पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणले. आणीबाणी संपून जेमतेम वर्ष लोटले होते, आणि १९७७च्या निवडणुकीत पुलंनी स्वतः व्यासपीठावरून तिच्याविरुद्ध आवाज उठविला होता. प्रयोग केला तो १९७३ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या थिएटर अकॅडमीच्या हौशी, तरुण मंडळींनी. दिग्दर्शक जब्बार पटेल व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ होते. भास्कर चंदावरकरांचे संगीतदिग्दर्शन आणि नंदू भेंडे यांच्या पाश्चात्य रॉक गायकीचा ठसा यांमुळे प्रयोगास आगळे रूप लाभले.

'ऑपेरा' या शब्दाला १८८०च्या 'शाकुंतल'पासून चालत आलेले संगीत नाटक हा सोपा पर्याय होता. पुलंनी निवडला तो 'तमाशा'. या निवडीतच खरे मर्म आहे. गे याने प्रतिष्ठितांच्या गाण्यासमोर रस्त्यावरचे गाणे उभे केले होते. मराठीत तेच स्थान गण-गवळण, सोंगाड्या आणि वग यांचे होते. प्रेक्षकाशी थेट बोलणे, कथा थांबवून तिच्यावर टीका करणे, ही ब्रेख्तने खटपटीने साधलेली तंत्रे तमाशात पूर्वापार रुळलेली होती.

याच सुलभतेत एक धोकाही होता. सोंगाड्याने राजाला टोमणे मारावेत, ही गोष्ट मराठी प्रेक्षकास इतकी सवयीची की तो हसून मोकळा होतो. बर्लिनच्या टाळ्या आणि त्यानंतरची पाच वर्षे हाच इशारा देतात. उपहास भाषा ओलांडू शकतो. त्यातला चोर दुसरा कोणी आहे असे मानणारा प्रेक्षक मात्र त्याला प्रत्येक नगरात भेटतो.