सोवळ्यातला धूर

पंचवटीत आमच्याकडे तीर्थोपाध्यायाची गादी होती. लाल फडक्यात बांधलेल्या नामावळीच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या सापडतात. त्यांना रांधून घालणाऱ्या माझ्या आत्याचं नाव एकाही वहीत नाही.

आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि यात्रेकरूंची सोवळ्यातली स्वयंपाकीण झाली. सोवळ्याला शिवाशीव चालत नाही, म्हणून स्वयंपाकघर वाड्याच्या पार पोटात. एक दार, खिडकी नाही, माळवदाला वीतभर धुराडं. पावसाळ्यात पाणी गळतं म्हणून तेही फरशीनं झाकायचं, आणि सरपण ओलं असायचं नेमकं तेव्हाच. १९६८चा सिंहस्थ मला आठवतो. पहाटे तीनला चूल पेटायची, वैलावर साठ पानांची आमटी. फुंकणी फुंकायला आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो, आणि तो घ्यायचा चुलीच्या तोंडाशीच. आत्याच्या छातीत धूर गेला तो असा, श्वासागणिक.

वर्ध्याच्या मगनवाडीत धुराडं जोडलेली मगन चूल केव्हाच तयार झाली होती. आजोबा म्हणाले, माळवद आणखी फोडायचं नाही.

चाळिशीत आत्याला धाप लागू लागली. संध्याकाळी पाय सुजायचे. घरात दम्याला काढा दिला, पायांना लेप लावला. दोन्हींचं मूळ एक असेल हे कुणाच्या मनात आलं नाही. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावतींनी १९५९ सालीच ते मांडलं होतं: फुफ्फुसं झिजली की हृदयाची उजवी बाजू थकते आणि पायांवर सूज येते. हा आजार त्यांना विडी न ओढणाऱ्या बायकांतही पुरुषांच्या बरोबरीनं दिसला, आणि त्यांनी चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं. आमच्या घरी गॅस आला १९८०च्या सिंहस्थात. आत्या तेव्हा ओसरीवर, उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायची.

परवा गंगापूर रस्त्याला चुलीवरची मिसळ खायला गेले. गिऱ्हाइकं झाडाखाली मोकळ्यावर. चुलीला मात्र वारा लागू नये म्हणून तिन्ही बाजूंनी पत्रे, वर छप्पर, आणि आत दोघी बायका रस्सा ढवळत होत्या. एकीला खोकल्याची उबळ आली तसा तिनं पदर तोंडाशी धरला. मी मालकाला म्हटलं, "दादा, मागचा पत्रा काढा, वर धुराडं बसवा." तो म्हणाला, "बघतो, मावशी." येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.