थिबा राजाचे माणिक आणि उष्णतेने पालटणारा रंग

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशचा राजा थिबा पदच्युत झाला. १८८६ मध्ये त्यास सहकुटुंब रत्नागिरीस आणण्यात आले. डिसेंबर १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच होता. सोबतची रत्ने विकून त्याने आपला पुष्कळसा खर्च भागविला. परंतु मोगोकच्या खाणीतील ‘न्गा मौक’ हे विख्यात माणिक त्यांत नव्हते. कर्नल स्लेडन याने ते जपून ठेवण्याच्या मिषाने घेतले व परत केले नाही, असे राजकुटुंबाचे म्हणणे होते.

असे माणिक पुढे कोठे आढळले, तर त्याची ओळख त्याच्या रंगावरून पटेल काय? याचे उत्तर माणकाच्या घडणीत आहे. माणिक म्हणजे कुरुविंद, अर्थात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. त्यात काही अ‍ॅल्युमिनियम आयनांची जागा क्रोमियमच्या किंचित मोठ्या आयनांनी घेतलेली असते. भोवतीच्या ऑक्सिजनांच्या दाटीत सापडलेले क्रोमियम हिरवा व जांभळा प्रकाश शोषून घेते. म्हणून खडा लाल दिसतो. खडा कित्येकशे अंश सेल्सियसपर्यंत तापविला असता स्फटिक प्रसरण पावतो, ही दाटी सैल होते, शोषण तांबड्या प्रकाशाकडे सरकते आणि खडा करडा-हिरवट दिसू लागतो. थंड होताच लाली परत येते. क्रोमियम जितके अधिक, तितका हा पालट कमी तापमानास घडतो.

लाल याकूत अग्नीत टिकतो, हे अकराव्या शतकात अल्-बिरूनीस ठाऊक होते. तापविल्याने माणकातील निळसर वा काळसर झाक जाते, हेही रत्नपारख्यांना पूर्वापार माहीत होते. मात्र हा दुसरा पालट कायमचा असतो. त्याहून तीव्र उष्णतेने खड्यातील सूक्ष्म रूटाइलच्या सुयाही विरघळतात आणि उगमस्थानाची एक खूण पुसली जाते. खडा पुन्हा कापला, तर वजन व आकारही बदलतात.

त्यामुळे एखादे माणिक मोगोकचे आहे काय, याविषयी प्रयोगशाळा मत देऊ शकेल. ते थिबाचे होते काय, हे केवळ खड्यावरून ठरणार नाही. त्याकरिता जुने वर्णन, नोंदलेले वजन व हस्तांतराची कागदपत्रे लागतील. रत्नागिरीत राजकुटुंबाजवळ जे उणे होते, ते नेमके हेच होय: ऐवज दिल्याची पावती.