चांदणीखालचं झाकण

मर्सिडीजच्या नाकावरची चांदणी सगळ्यांना दिसते. ती ज्या चपट्या गोल बैठकीवर उभी असते, तिच्याकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. ती बैठक एका झाकणाची वारसदार आहे. एके काळी रेडिएटरचं तोंड तिथंच असायचं. झाकण फिरवून काढायचं आणि आत पाणी ओतायचं. १९९५ साली पुण्यात, टेल्कोच्या आवारात जुळणी होऊन बाहेर पडलेली ई-२२० ही भारतात तयार झालेली पहिली मर्सिडीज. तिची बैठक उघडत नाही. पाण्याची टाकी बॉनेटखाली एका बाजूला असते, तीही प्लॅस्टिकची. तिशी ओलांडलेल्या या गाड्या हौशी लोक हुडकून घेतात आणि पहिल्याच एप्रिलमध्ये मेकॅनिकला विचारतात, तापमानाचा काटा ऐंशी सोडून शंभराच्या पुढं का सरकतोय?

उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्या बॉनेटखाली चार-पाच पिढ्यांच्या कल्पना एकत्र नांदत असतात आणि प्रत्येकीचं दुखणं निराळं असतं.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीला रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवतीचं पाणी तापायचं, उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं. चुलीवरचं आधण आटलं की वर पाणी घालतो, तोच हिशेब. पाण्याची वाफ होताना भरपूर उष्णता खर्ची पडते, त्यामुळे इंजिन वाचायचं. पाणी मात्र सारखं लागायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिनं इंधन घेतलं, ही गोष्ट सगळे सांगतात. पण इंधनापेक्षा जास्त वेळा तिला थांबावं लागलं ते पाण्यासाठी.

गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म माय्बाख यांनी १८८९ च्या गाडीत चौकटीच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी खेळवलं. युक्ती सुरेख होती, पण ताकद वाढत गेल्यावर पुरेना. मग माय्बाखनं १८९७ मध्ये बारीक नळ्यांचा रेडिएटर केला. तरी त्याला अठरा लिटर पाणी लागायचं, म्हणजे गाडीनं एक घागर कायम अंगावर वागवायची.

खरी झेप १९०० ची. नीसमध्ये राहणारा एमिल येलिनेक हा धनिक डाइमलर कंपनीमागं लकडा लावून बसला होता: बुटकी, रुंद, जोरदार गाडी द्या, आणि तिला माझ्या मुलीचं, मर्सेडेसचं, नाव द्या. त्या पस्तीस अश्वशक्तीच्या गाडीसाठी माय्बाखनं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. सहा मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या, एकूण ८,०७०, शेजारी शेजारी ठेवून डाख देऊन जोडलेल्या. नळ्यांच्या आतून वारा, आणि नळ्यांमधल्या कागदासारख्या फटींतून पाणी. मागं पंखा, म्हणजे गाडी हळू चालली तरी वारा खेचला जावा. पाणी अठरावरून नऊ लिटरवर आलं. १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीनं बाकीच्यांना मागं टाकलं. अश्वशक्तीचं कौतुक झालं. माझ्या मते निम्मं श्रेय त्या जाळीला द्यायला हवं. इंजिन थंड राहिलं नसतं तर ती ताकद घाटाच्या पहिल्याच वळणावर वाफ होऊन गेली असती.

यानंतर रेडिएटर गाडीचा चेहराच झाला. (रेनॉनं मात्र तो बरीच वर्षं इंजिनाच्या मागं ठेवला आणि पुढं उतरत्या नाकाचं बॉनेट दिलं. चेहरा नसलेली गाडीही ओळखता येते, हे त्यामुळं कळलं.) रोल्स-रॉइसनं ग्रीक देवळाची दर्शनी बाजू घेतली, रेघा डोळ्याला सरळ दिसाव्यात म्हणून त्या किंचित फुगीर ठेवल्या. १९११ मध्ये चार्ल्स साइक्सनं घडवलेली ती पंख फैलावलेली बाई उभी राहिली, तीही रेडिएटरच्या झाकणावरच. १९३० च्या दशकातल्या मोठ्या रोल्स-रॉइसमध्ये समोरच्या उभ्या पट्ट्या थर्मोस्टॅटच्या हुकमानं उघडमिट करत. देवळाची दारंच म्हणायची.

स्वस्त गाड्यांनी पाणी फिरवणारा पंपच टाळला. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये गरम पाणी आपोआप वर चढायचं, गार होऊन खाली उतरायचं. पुढं पंप सगळीकडे आला. आपल्याकडे गॅरेजात त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. मेणाची गोळी वितळून झडप उघडणारा थर्मोस्टॅट आला. दाब धरणारं झाकण आलं: वातावरणाहून एक बार जास्त दाब ठेवला की पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांना उकळतं. म्हणजे तेवढ्याच पाण्यात, तेवढ्याच जाळीत जास्त उष्णता वागवता येते. याच झाकणानं हात भाजून घेणारी माणसंही आपल्याला दिली.

शेवटची पिढी १९७० नंतरची. तांब्या-पितळेच्या जागी ॲल्युमिनियमची जाळी आली आणि तिच्या दोन्ही कडांना काच-तंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या, मधे रबर घालून दाबून बसवलेल्या. वजन घटलं, किंमत घटली. पण तांब्याला गळती लागली की डाख देता यायचा; नायलॉन वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालं की वरच्या होजपाइपचं तोंड एके दिवशी मुळासकट हातात येतं. तुकडा जोडणारे कारागीर आहेत. त्यांच्या जोडावर भरवसा ठेवून खंबाटकीचा घाट चढायला मी तरी जाणार नाही.

म्हणून जुन्या ई-क्लासच्या बाबतीत 'अपग्रेड' या शब्दाकडे मी जरा संशयानं बघतो. बहुतेक गाड्यांना नवं काही नको असतं. जे होतं ते पुन्हा चालू हवं असतं. पंख्याच्या क्लचमधलं सिलिकॉन तेल पाझरून गेलं की पंखा नुसताच हेलपाटतो. महामार्गावर काही जाणवत नाही, सिग्नलला काटा चढतो. त्यातून एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं, म्हणजे जाळीला मिळणारा वारा आधीच तापलेला. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं असेल तर नळ्यांत क्षार बसलेले. पुण्यात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं म्हणणाऱ्यांनी गंजाचा विचार केलेला नसतो.

आणि थर्मोस्टॅट. 'काढून टाका साहेब, गाडी थंड राहील,' हा सल्ला अजून मिळतो. काही जुन्या इंजिनांत तो चालूनही जायचा. इथं मात्र तीच झडप उघडताना बाजूची आडवाट बंद करते. ती काढली की आडवाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता थेट इंजिनात परततो. गाडी थंड करायला जावं आणि ती जास्तच तापावी.

एक बदल मात्र मला पटतो. काही जण पुन्हा तांब्या-पितळेची जाळी बनवून घेतात, पितळी टाक्यांसकट. वजन वाढतं, मूळ कारखान्याची खूण जाते, शुद्धतावादी नाकं मुरडतात. पण कारागीर त्या टाकीवर बोट वाजवून बघतो, जोडावर पाणी सोडतो, आणि गळालंच तर डाखाची कांडी पुन्हा हातात घेतो. त्याच्या दुकानाबाहेरच्या ढिगात जुन्या तांब्याच्या जाळ्या मोडीच्या भावाची वाट बघत असतात. नायलॉनच्या टाक्या तशाच पडून राहतात. त्यांना कुणी उचलत नाही.